`__फंक__` एका मशीनवर चालतं, दुसऱ्यावर अडतं: कारणं आणि उपाय

सांगली, मिरज, कराड, सातारा या पट्ट्यातल्या डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या मुलांकडून दर सत्रात ही तक्रार येते. सी प्रोग्रॅममध्ये चालू फंक्शनचं नाव `__फंक__` किंवा `__फंक्शन__` वापरून छापायचं असतं. घरच्या लॅपटॉपवर ते छापलं जातं. तोच कोड लॅबच्या टर्बो सीमध्ये टाकला की "अनडिफाइन्ड सिम्बॉल" येतो. किंवा उलटं होतं: व्हिज्युअल स्टुडिओत सुरळीत चाललेली ओळ लिनक्सवर जीसीसी या कंपायलरला दिली की तो कंसापाशीच थांबतो. मुलं मग ती ओळच काढून टाकतात आणि डीबगिंग पुन्हा "इथे आलो १", "इथे आलो २" वर येतं. ओळ काढायची काहीच गरज नसते.

उदाहरणासाठी एकच प्रोजेक्ट धरू: आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी मोजून ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका दाखवणारा नोंदक. त्याचा कोड टर्बो सी, जीसीसी, व्हिज्युअल स्टुडिओ आणि एटीमेगा३२८पी मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड अशा चारही ठिकाणी चालवायचा आहे.

लिहिण्याबद्दल एक खुलासा. इथे कोडही देवनागरीत दिला आहे, टाइप मात्र इंग्रजी अक्षरांतच करायचा. `__फंक__` म्हणजे दोन अंडरस्कोर, लहान लिपीत एफ-यू-एन-सी, पुन्हा दोन अंडरस्कोर. `__फंक्शन__` म्हणजे दोन्हीकडे तसेच दोन-दोन अंडरस्कोर आणि मध्ये 'फंक्शन' हा पूर्ण शब्द मोठ्या लिपीत. मोठ्या-लहान लिपीचा फरक कंपायलर पाळतोच.

आधी मूळ गोष्ट

`__फंक__` हा मॅक्रो नाही, तो व्हेरिएबल आहे. पुढच्या बहुतेक भानगडी या एका वाक्यातून निघतात.

सी भाषेच्या १९९९ च्या मानकात, म्हणजे सी९९ मध्ये, ६.४.२.२ या कलमात तो आला. मानक म्हणतं की प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीच्या महिरपी कंसानंतर लगेच ही ओळ लिहिलेली आहे असं समजा:

`स्टॅटिक कॉन्स्ट कॅर __फंक__[] = "फंक्शनचं-नाव";`

म्हणजे ही कॅरेक्टरची ॲरे आहे, स्टॅटिक आहे आणि कॉन्स्ट आहे. ती कंपायलर घडवतो, प्रीप्रोसेसर (कंपाइलच्या आधी मॅक्रोंच्या जागी मजकूर भरणारा टप्पा) नाही. `__फाइल__` आणि `__लाइन__` हे मात्र खरोखरचे मॅक्रो आहेत. ते सी९० पासून आहेत, त्यामुळे टर्बो सीतही चालतात. तिघेही दिसायला सारखे आणि ओळीत शेजारी-शेजारी वापरले जातात, म्हणून गल्लत होते.

`__फंक्शन__` ची गोष्ट वेगळी. तो मानकात कधीच नव्हता. जीसीसीने तो स्वतःची सोय म्हणून दिला, मायक्रोसॉफ्टनेही दिला, पण दोघांचं वागणं सारखं नाही. जीसीसीत ३.४ पासून तो `__फंक__` सारखाच व्हेरिएबल आहे. ३.३ पर्यंत सीमध्ये तो स्ट्रिंग लिटरल, म्हणजे अवतरणचिन्हांत थेट लिहिलेल्या मजकुरासारखा, होता. मायक्रोसॉफ्टकडे तो आजही स्ट्रिंग लिटरलच आहे.

"अनडिफाइन्ड सिम्बॉल" किंवा "अनडिक्लेअर्ड"

टर्बो सी++ ३.० हा सी९९ च्या आधीचा कंपायलर. त्यात `__फंक__` नाही आणि `__फंक्शन__` ही नाही. मेनूतला कुठलाही पर्याय बदलून ते येणार नाही, शोधत बसू नका. डॉसबॉक्समधून चालवला तरी आतला कंपायलर तोच. बोर्लंडच्या ५.५ आवृत्तीत मोठ्या लिपीतला `__फंक__` मिळतो, पण लॅबमध्ये असतो तो हा नव्हे.

केइल सी५१ मध्येही हेच होतं. ८०५१ च्या प्रॅक्टिकलला "एरर सी२०२, अनडिफाइन्ड आयडेंटिफायर" दिसला तर कोडमध्ये चूक शोधू नका. तो कंपायलर सी९० चा आहे. मायक्रोचिपच्या एक्ससी८ मध्ये मात्र प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीत सी९० निवडलेलं असेल तर आधी सी९९ करून पाहा.

व्हिज्युअल स्टुडिओत `__फंक__` २०१५ च्या आवृत्तीपासून आहे, म्हणजे कंपायलरची आवृत्ती सांगणाऱ्या `_एमएससी_व्हर` ची किंमत १९०० किंवा जास्त. २०१३ आणि त्याआधी फक्त `__फंक्शन__`. अगदी जुन्या व्हिज्युअल सी++ ६ मध्ये दोन्ही नाहीत.

आणि जीसीसी "अनडिक्लेअर्ड" म्हणत असेल तर? तर नव्वद टक्के खात्रीने स्पेलिंग चुकलं आहे. आज वापरात असलेला कुठलाही जीसीसी हे नाव ओळखतो. अंडरस्कोर मोजा. बऱ्याच फॉन्टमध्ये दोन अंडरस्कोर जोडून एकच रेघ दिसते, म्हणून मुलं एक किंवा तीन टाइप करतात. कोड चॅटमधून किंवा मार्कडाउनमध्ये लिहिलेल्या नोट्समधून उचलला असेल तर आणखी एक शक्यता: मार्कडाउनमध्ये शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन अंडरस्कोर म्हणजे ठळक अक्षर. अंडरस्कोर गिळले जातात आणि नुसता जाड "फंक" उरतो.

"एक्स्पेक्टेड ब्रॅकेट बिफोर स्ट्रिंग"

सगळ्यात जास्त वेळ खाणारी अडचण ही. ओळ अशी असते:

`प्रिंटएफ(__फंक्शन__ ": पातळी %डी\एन", फूट);`

सीमध्ये दोन स्ट्रिंग लिटरल शेजारी ठेवली की कंपायलर ती जोडतो. मायक्रोसॉफ्टकडे `__फंक्शन__` लिटरल असल्यामुळे जोडणी होते. जीसीसीत तो व्हेरिएबल आहे, आणि व्हेरिएबलच्या पुढे स्वल्पविराम न देता स्ट्रिंग आली की जीसीसी म्हणतो, इथे आधी बंद होणारा गोल कंस हवा होता. संदेश कंसाबद्दल येतो म्हणून मुलं कंस मोजत बसतात. कंस बरोबरच असतात.

उपाय सरळ आहे. नाव `%एस` ने द्या:

`प्रिंटएफ("%एस: पातळी %डी\एन", __फंक__, फूट);`

`__फंक__` ओळखणाऱ्या सगळ्या कंपायलरवर हीच ओळ चालते. व्हिज्युअल स्टुडिओतही असंच लिहायची सवय लावा. `__फंक__` तिथेही लिटरल नाही, त्यामुळे जोडायला गेलात तर तोही अडेल.

त्याच कारणाने या गोष्टीही होत नाहीत. `कॅर टॅग[] = __फंक__;` चालत नाही, कारण एका ॲरेने दुसरी ॲरे इनिशियलाइज करता येत नाही. पण `कॉन्स्ट कॅर *टॅग = __फंक__;` चालतं, आणि फंक्शनच्या आत `स्टॅटिक` लावूनही चालतं, कारण स्टॅटिक ॲरेचा पत्ता कंपाइलच्या वेळीच ठरलेला असतो. `#` ऑपरेटरने त्याची स्ट्रिंग करायला गेलात तर फंक्शनचं नाव मिळत नाही, अंडरस्कोरसकट "फंक" एवढाच शब्द छापला जातो. आणि `__फंक__ == "मेन"` ही तुलना पत्त्यांची होते, मजकुराची नाही. तिथे `एसटीआरसीएमपी` लागेल.

`साइझऑफ(__फंक__)` मात्र नीट चालतं. नावाची लांबी अधिक शेवटचा शून्य, एवढी किंमत मिळते.

`#इफडेफ` नेहमी खोटं

"कंपायलरकडे `__फंक__` असेल तर वापर, नसेल तर रिकामी स्ट्रिंग" अशा हेतूने `#इफडेफ __फंक__` लिहिलेलं खूप ठिकाणी दिसतं. प्रीप्रोसेसरला हे नाव माहीतच नाही, त्यामुळे अट प्रत्येक कंपायलरवर खोटी ठरते आणि रिकामी स्ट्रिंगच वापरली जाते. कुठलाही एरर येत नाही, वॉर्निंगही नाही. नोंदीत फंक्शनचं नाव का दिसत नाही हे मग कोणाला कळत नाही.

विचारायचं ते मानकाची आवृत्ती: `__एसटीडीसी_व्हर्जन__` १९९९०१एल किंवा त्याहून मोठी आहे का. पण एवढ्यावरही थांबू नका, दोन ठिकाणी ही अट फसते.

पहिलं, जुना जीसीसी. ४.९ पर्यंत त्याचा मूळ मोड जीएनयू९० (सी९० अधिक जीसीसीच्या स्वतःच्या सोयी) होता. ५ पासून जीएनयू११ झाला, ८ पासून जीएनयू१७, १५ पासून जीएनयू२३. आपल्याकडे अजून भरपूर चालणाऱ्या डेव्ह-सी++ ५.११ सोबत जीसीसी ४.९.२ येतो. तिथे कुठलाही पर्याय न देता सी फाइल कंपाइल केली तर `__एसटीडीसी_व्हर्जन__` डिफाइनच होत नाही, आणि `__फंक__` मात्र व्यवस्थित चालतो. दुसरं, मायक्रोसॉफ्ट. `/एसटीडी:सी११` किंवा `/एसटीडी:सी१७` दिल्याशिवाय तोही हा मॅक्रो डिफाइन करत नाही.

म्हणून पायऱ्या लावाव्या लागतात. एक हेडर करा, "नोंद.एच" म्हणू. त्यात स्वतःचं नाव ठेवा, `नोंद_फंक`. `__फंक__` हेच नाव `#डिफाइन` ने बदलायची युक्ती जुन्या कोडमध्ये सापडते. ती नवीन कोडमध्ये आणू नका. दोन अंडरस्कोरने सुरू होणारी नावं कंपायलरसाठी राखीव आहेत, आणि उद्या कंपायलर बदलला की तुमची व्याख्या आणि त्याची व्याख्या भिडतील.

पायऱ्यांचा क्रम असा. `__एसटीडीसी_व्हर्जन__` डिफाइन्ड आहे आणि १९९९०१एल किंवा जास्त आहे, तर `__फंक__`. नाहीतर `__सीप्लसप्लस` २०११०३एल किंवा जास्त असेल, तर तेच. नाहीतर `__जीएनयूसी__` डिफाइन्ड असेल, तर `__एक्स्टेन्शन__ __फंक्शन__`. नाहीतर `_एमएससी_व्हर` १३०० किंवा जास्त असेल, तर नुसता `__फंक्शन__`. यातलं काहीच नसेल, तर "?" ही साधी स्ट्रिंग. टर्बो सी आणि सी५१ शेवटच्या पायरीवर येतील आणि कोड निदान कंपाइल होईल.

जीसीसीच्या पायरीवर `__एक्स्टेन्शन__` का? काही ठिकाणी सबमिशनला `-एसटीडी=सी९० -पेडँटिक` (मानक काटेकोर पाळायला लावणारे पर्याय) लावून शून्य वॉर्निंग मागतात. त्या मोडमध्ये जीसीसी बजावतो की आयएसओ सी९० मध्ये `__फंक__` हा पूर्वनिर्धारित आयडेंटिफायर नाही. जीसीसी ५ पासून `__फंक्शन__` वरही तशीच वॉर्निंग येते. `-पेडँटिक-एरर्स` असेल तर तिचा एरर होतो. पुढे `__एक्स्टेन्शन__` लावलं की ती थांबते. नुसतं `-एसटीडी=सी९०` दिलं आणि पेडँटिक दिलं नाही, तर जीसीसी काहीच बोलत नाही.

प्रत्येक ओळीत एकच नाव छापलं जातं

नोंदी अशा दिसतात: `नोंद_लिही: पातळी ३८`, `नोंद_लिही: विसर्ग वाढला`, `नोंद_लिही: इशारा`. कोणी बोलावलं ते कुठेच नाही. कारण `__फंक__` वापरला आहे तो `नोंद_लिही` या फंक्शनच्या आत. तो ज्या फंक्शनच्या कंसांत लिहिलेला आहे त्याचंच नाव देतो, बोलावणाऱ्याचं देत नाही. `इनलाइन` केलं तरी फरक पडत नाही. कंपायलरने कोड बोलावणाऱ्याच्या आत मिसळला तरी नाव मूळ फंक्शनचंच राहतं.

नाव बोलावण्याच्या जागी पकडायचं असेल तर तिथे मॅक्रोच हवा:

`#डिफाइन नोंद(...) नोंद_लिही(नोंद_फंक, __लाइन__, __व्हीए_आर्ग्स__)`

आणि `नोंद_लिही` ने पहिले दोन आर्ग्युमेंट छापून उरलेले `व्हीप्रिंटएफ` ला द्यायचे. फॉरमॅट स्ट्रिंग वेगळी न काढता तीन टिंबांतच ठेवली आहे हे लक्षात घ्या. ती वेगळी काढली की `नोंद("सुरू")` अशा एकट्या स्ट्रिंगच्या वेळी शेवटी लोंबता स्वल्पविराम राहतो आणि मग जीएनयूची `##` वाली युक्ती किंवा सी२३ मधला `__व्हीए_ऑप्ट__` लागतो. वरच्या रचनेत ती वेळच येत नाही.

हेच काम दोन `प्रिंटएफ` एकामागोमाग ठेवूनही करता येतं, पण दोन थ्रेड किंवा आरटीओएसचे (रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिमचे) दोन टास्क लिहीत असतील तर एकाचं नाव आणि दुसऱ्याचा मजकूर एकाच ओळीत येईल. एकाच फंक्शनमध्ये बफर भरून एकदाच लिहिणं जास्त भरवशाचं.

टर्बो सीसाठी इथे आणखी एक अडथळा आहे. तीन टिंबांचे मॅक्रोही सी९९ मधलेच. तिथे दुहेरी कंसाची जुनी पद्धत चालते. मॅक्रो एकच आर्ग्युमेंट घेतो, `नोंद(("पातळी %डी", फूट))` असा बोलावला जातो, आणि आतून फाइल व ओळ छापून `प्रिंटएफ` च्या पुढे तो कंसासकटचा तुकडा ठेवतो. फंक्शनचं नाव हवंच असेल तर प्रत्येक फंक्शनच्या आत सुरुवातीला हाताने `स्टॅटिक कॉन्स्ट कॅर फन[] = "कोयना_विसर्ग";` लिहा. फाइल सी म्हणून कंपाइल होत असेल तर ही ओळ पहिल्या कार्यवाहीच्या विधानाआधीच हवी, मध्ये लिहिली तर एरर येईल. कंटाळवाणं आहे. पण परीक्षा त्याच मशीनवर असेल तर `__फाइल__` आणि `__लाइन__` वरच भागवलेलं बरं. ओळीच्या क्रमांकावरून फंक्शन शोधायला फार वेळ लागत नाही.

फंक्शनच्या बाहेर

`कॉन्स्ट कॅर *नाव = __फंक__;` ही ओळ सगळ्या फंक्शनांच्या बाहेर लिहिली तर जीसीसी वॉर्निंग देतो की फंक्शनच्या बाहेर हे डिफाइन्ड नाही, आणि रिकामी स्ट्रिंग देतो. वॉर्निंग न वाचता पुढे गेलात तर नाव कोरं येईल. बाहेर त्याचा उपयोग नाही, काढून टाका.

नाव येतं, पण अपेक्षेपेक्षा वेगळं

`__प्रिटी_फंक्शन__` मधून पॅरामीटरसकट नाव मिळेल अशी अपेक्षा असते. ते सी++ मध्ये. सीमध्ये तो नुसतं नावच देतो. फाइलचं एक्स्टेन्शन सीपीपी ठेवलं की तोच कोड लांबलचक नाव देऊ लागतो, म्हणून एकाच्या मशीनवर एक आणि दुसऱ्याच्या मशीनवर दुसरं दिसतं.

कुठल्यातरी हेडरमध्ये फंक्शनचं नाव मॅक्रोने बदललं असेल, तर `__फंक__` बदललेलं नाव दाखवतो, कारण प्रीप्रोसेसरचं काम त्याच्या आधी उरकलेलं असतं. आणि ऑप्टिमायझेशन लावल्यावर जीडीबी या डीबगरच्या बॅकट्रेसमध्ये नावापुढे टिंब देऊन "कॉन्स्टप्रॉप" किंवा "आयएसआरए" अशी शेपटी दिसते, नोंदीत मात्र साधं नाव. दोन्ही बरोबर आहेत. शेपटी कंपायलरने केलेल्या प्रतीची, `__फंक__` मध्ये मूळ कोडातलं नाव.

बोर्डावर रॅम संपते

याकडे प्रोजेक्टवाल्यांनी नक्की लक्ष द्यावं. इथे एरर येत नाही, बोर्ड मध्येच रिसेट होतो किंवा वेडीवाकडी अक्षरं सिरियलवर येतात, आणि दोष सेन्सरला दिला जातो.

एटीमेगा३२८पी मध्ये फ्लॅश ३२ किलोबाइट, पण रॅम फक्त २०४८ बाइट. या चिपवर कॉन्स्ट डेटासुद्धा सुरुवातीला फ्लॅशमधून रॅममध्ये उतरवला जातो, कारण साध्या पॉइंटरने फ्लॅश वाचता येत नाही. `__फंक__` ही कॉन्स्ट ॲरेच. `रीड_आयर्विन_लेव्हल` या नावात इंग्रजी अक्षरं आणि अंडरस्कोर मिळून १६, शेवटचा शून्य धरून १७ बाइट. अशी सरासरी १८ बाइटची ४० फंक्शनं असली तर ७२० बाइट, म्हणजे रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, नुसत्या नावांवर. वर फॉरमॅट स्ट्रिंगा वेगळ्याच. ज्या फंक्शनात `__फंक__` वापरलेलाच नाही तिथे काही खर्च होत नाही, एवढा दिलासा.

खात्री करायला `एव्हीआर-एनएम --साइझ-सॉर्ट` चालवा. `__फंक__` आणि पुढे टिंब देऊन आकडा अशी चिन्हं दिसतील, प्रत्येकाचा आकारही. `एव्हीआर-साइझ` मधला डेटाचा रकाना हा आकडा फ्लॅशमध्येही धरतो आणि रॅममध्येही.

`पीएसटीआर(__फंक__)` लिहून नाव फ्लॅशमध्ये ठेवायला जाल तर कंपाइल होणार नाही, कारण तिथेही लिटरलच लागतं. या चिपसाठी चांगला मार्ग म्हणजे नाव सोडून द्यायचं. प्रत्येक सी फाइलच्या वर `#डिफाइन फाइल_क्र ३` असा क्रमांक द्या आणि नोंदीत फाइल क्रमांक व `__लाइन__` पाठवा. नोंदीमागे तीन बाइट पुरतात आणि लॅपटॉपवर त्यावरून फंक्शन ओळखता येतं. नाव हवंच असेल तर `पीएसटीआर("पातळी")` असं हाताने लिहा आणि `%एस` ऐवजी मोठ्या लिपीतला `%एस` व `प्रिंटएफ_पी` वापरा.

एटीमेगा४८०९ सारख्या नव्या चिपमध्ये फ्लॅश डेटाच्याच पत्त्यांत दिसते, त्यामुळे नव्या एव्हीआर-जीसीसीबरोबर कॉन्स्ट डेटा फ्लॅशमध्येच राहतो. एसटीएम३२ मध्येही नावं फ्लॅशमध्येच बसतात. तिथे रॅमची काळजी नाही.

तिथे एक फायदाही घेता येतो. `__फंक__` स्टॅटिक असल्यामुळे फंक्शन संपल्यावरही त्याचा पत्ता वैध राहतो. इंटरप्टमध्ये लगेच छापायचं नसेल तर नावाची नक्कल न करता नुसता पॉइंटर रिंग बफरमध्ये ठेवा आणि मुख्य लूपमध्ये सावकाश छापा.

ग्राहकाला द्यायच्या फाइलमध्ये नावं राहतात

कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीतल्या एखाद्या युनिटला कंट्रोलरची फाइल देताना `स्ट्रिप` चालवलं की फंक्शनांची नावं गेली असं समजू नका. `स्ट्रिप` सिम्बॉल टेबल काढतो. `__फंक__` मधली नावं डेटा आहेत, ती तशीच राहतात आणि `स्ट्रिंग्ज` या कमांडने कोणालाही वाचता येतात. ती नको असतील तर `एनडीबग` डिफाइन्ड असताना `नोंद` मॅक्रो `((व्हॉइड)०)` असा रिकामा करा आणि पूर्ण प्रोजेक्ट नव्याने बिल्ड करा. सी९९ पासून `असर्ट` सुद्धा फंक्शनचं नाव छापतो, पण तोही `एनडीबग` नेच बंद होतो, वेगळं काही करावं लागत नाही. बिल्ड झाल्यावर `स्ट्रिंग्ज` च्या निकालात एखादं ओळखीचं नाव शोधा. सापडलं, तर कुठल्यातरी फाइलमध्ये `नोंद` ऐवजी थेट `__फंक__` लिहिलेला आहे.